जुना पार्ट हातात घ्या

“मग जुना पार्ट कुठाय?” फोनवरचे गृहस्थ तिसऱ्यांदा विचारत होते.

“साहेब, बदललाच नाही तर जुना पार्ट येणार कुठून?”

“तेच म्हणतोय ना मी! काहीही बदललं नाही. तुमचा माणूस आला, बाहेरच्या युनिटचं झाकण उघडलं, पक्कड घेऊन काहीतरी खुडबुड केली, वीस मिनिटांत झाकण लावलं आणि तीनशे मागितले.”

“एसी चालू झाला ना पण?”

“झाला.”

“गार करतो?”

“करतो हो, पण ते सोडा. काही न बदलता दुरुस्त होतं का कधी? तुमच्याच पत्रकात लिहिलंय, जुना पार्ट हातात घ्या. हे बघा, माझ्यासमोर आहे. वाचून दाखवू?”

वाचून दाखवायची काही गरज नव्हती. ते पत्रक मीच टाइप केलं होतं.

मी तक्रार लिहून घेतली. ‘पार्ट न बदलता पैसे घेतले.’ खाली कारागिराचा नंबर लिहायचा असतो. तिथे माझा हात अडखळला, पण लिहिला. चार नंबर. म्हणजे साबणकाका.

एसी दुरुस्तीच्या या एजन्सीत मी सोळा वर्षं फोन उचलते आहे. उन्हाळ्यात लोक माझ्याशी असे बोलतात, जणू ऊन मीच पाडलंय. त्या सोळा वर्षांत काकांविरुद्ध मी लिहिलेली ही पहिली तक्रार. ते माझ्याही आधी बारा वर्षांपासून इथे होते, म्हणजे एजन्सीत टेबल-खुर्ची आली त्याच्या आधीपासून. साबणकाका हे नाव कारागिरांनी पाडलेलं, कारण त्यांच्या बॅगेत हत्यारांच्या शेजारी साबणाची एक गोल पत्र्याची डबी असायची. काकू घरातल्या अंघोळीच्या साबणांचे उरलेले तुकडे जमवून, ओले करून, एकावर एक दाबून त्याची वडी करून द्यायच्या. हिरवा, गुलाबी, पांढरा, सगळे रंग एकात. गॅस कुठून गळतोय ते शोधायला काका त्याचा फेस नळीच्या प्रत्येक जोडाला लावत आणि डोळे बारीक करून बघत बसत. जिथे बुडबुडा फुगेल तिथे गळती.

“गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का, जळून संपायला?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “बंद नळीत फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. ते भोक न शोधता वरून भरायचा, म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतायचं आणि पाण्याचं बिल लावायचं.”

एका घरी सलग चार उन्हाळे कुणी ना कुणी येऊन गॅस भरून पैसे घेऊन गेलं होतं. काकांनी दीड तास साबण लावला आणि बाहेरच्या नटापाशी जोंधळ्याएवढा बुडबुडा काढून दाखवला. घरातली सगळी माणसं, अगदी काठी टेकत आजोबासुद्धा, गॅलरीत येऊन तो बुडबुडा बघून गेली. “बघा,” काका म्हणाले, “चार वर्षं तुमचे पैसे इथून जात होते.” त्या बाईंनी मला फोन करून दहा मिनिटं काकांचं कौतुक केलं. मी तेव्हा खूश झाले. आता वाटतं, त्याच दिवशी कळायला हवं होतं. लोकांना काम नको असतं, बुडबुडा हवा असतो.

पत्रकाची कल्पना थोरल्या मालकांची. गिऱ्हाइकांना वाटायला एक कागद हवा, घरच्या एसीच्या दुरुस्तीत काय खर्च येतो आणि घरमालकाने काय ध्यानात ठेवावं. “काकांना विचार आणि लिही,” ते मला म्हणाले. काकांनी डबा खाता खाता सांगितलं, मी लिहून घेतलं. भेटीचे पैसे किती, ते फोनवरच विचारा. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी स्वतः धुवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. गॅस संपला म्हणणाऱ्याला आधी गळती दाखव म्हणा. कपॅसिटर हा स्वस्त पार्ट आहे, औषधाच्या बाटलीएवढा पत्र्याचा डबा. तो गेला म्हणजे मशीन मेली नाही. तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर बदलायला निघालेल्याला दारातूनच परत पाठवा. बिल लेखी घ्या. आणि जुना पार्ट हातात घ्या.

हा शेवटचा काकांचा स्वतःचा नेम होता. जे काढलं ते घरमालकाच्या हातात द्यायचं, मग त्याने ते ठेवो नाहीतर फेकून देवो. “त्याने पैसे दिलेत ना? मग जुनंही त्याचंच.”

डब्याचं झाकण लावता लावता ते म्हणाले, “अजून एक लिहा ताई. कधी कधी काही बदलावंच लागत नाही. वायर सैल असते, कचरा अडकलेला असतो. तेव्हा काही बदललं नाही म्हणून कारागिरावर संशय घेऊ नका. उलट तोच खरा समजा.”

ही सातवी ओळ. टाइप करताना खाली एजन्सीचा फोन नंबर मोठ्या अक्षरात टाकायचा होता, जागा उरली नाही, आणि मी ती गाळली. अक्षर थोडंसं लहान केलं असतं तर मावली असती. नाही केलं. दुपारची वेळ होती, मला छापखान्यात माणूस पाठवायचा होता. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

पत्रक लोकांना फार आवडलं. सहा ओळी, साधी भाषा. लोकांनी ते फोनवरून एकमेकांना पाठवलं, कपाटांच्या दारांना चिकटवलं. मीही कौतुकाने एक आमच्या फ्रिजवर लावलं. आईने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, “छान लिहिलंयस गं. आता कुणी टोपी घालणार नाही.”

थोरले मालक गेले आणि धाकटे मालक खुर्चीवर बसले. त्यांनी तारे आणले. काम झालं की गिऱ्हाइकाने फोनवर कारागिराला एक ते पाच तारे द्यायचे. तारे जास्त त्याला कॉल जास्त, आणि आमच्याकडे पगार असा नाहीच, जितके कॉल तितके पैसे. जोरात हसणारे, बूट काढून आत जाणारे, दोन पार्ट बदलून तिसरा फुकट तपासणारे कारागीर भराभर वर गेले. काका खाली आले. त्या पहिल्या गृहस्थांनी एकच तारा दिला होता. पाठोपाठ आणखी तशाच तक्रारी. एकीकडे पंख्यात पक्ष्याचं घरटं अडकलं होतं, काकांनी ते काढलं. बाईंनी लिहिलं, ‘फक्त काडीकचरा साफ केला, पार्ट दाखवला नाही.’

मी धाकट्या मालकांकडे गेले. म्हटलं, पत्रकात एक ओळ राहिलीय, पुन्हा छापू या. त्यांनी ती ओळ वाचली आणि हसले. “काही बदलावं लागत नाही, असं आपणच छापायचं? मग आपलं पार्टचं स्टोअर कशाला आहे?” मग हसू आवरून म्हणाले, “काकांना सांगा, दोन महिने बघतो. चारच्या खाली राहिले तर नमस्कार. वडिलांच्या वेळचे आहेत म्हणून दोन महिने, नाहीतर आजच.”

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला, गच्चीच्या शिडीवर चढताना गुडघा धरत होता. आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं, यायची इच्छाही नव्हती. त्या आठवड्यात त्यांना सहा दिवसांत चार कॉल मिळाले. एका सकाळी काकूंचा फोन आला.

“ताई, आजही काम नाही का हो? हे सकाळपासून घरातला पंखा उघडून बसलेत.”

“बिघडलाय का?”

“छे, चांगला चालत होता. आता तिसऱ्यांदा उघडलाय.”

मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. तिथे भंगाराचा क्रेट असतो. त्यातून एक जळालेला कपॅसिटर निवडला. डोकं चांगलं टम्म फुगलेला, एका कडेला काळा पडलेला, पाहताक्षणी कुणालाही पटावं असा. पुन्हा क्रेटमध्ये जाऊन हरवू नये म्हणून त्याच्या बुडाला माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा त्यांच्यासमोर ठेवला.

“हे काय?”

“बॅगेत ठेवा. जिथे काही बदलावं लागत नाही तिथे काम नीट करा, आणि निघताना हा दाखवा. काही बोलू नका. नुसता दाखवा.”

काका त्याच्याकडे बघत राहिले. “हा त्यांचा नाही ना पण.”

“माहीत आहे मला.”

“अठ्ठावीस वर्षं मी जे काढलं तेच दिलंय, ताई.”

“आणि त्याचे किती तारे मिळाले?” मी म्हटलं. कडक आवाजात म्हटलं. आपल्या माणसाला वाचवताना आवाज असाच लागतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

त्यांनी तो उचलला नाही. संध्याकाळी टेबलावर बघितलं तर तो नव्हता.

दोन दिवसांनी पहिले पाच तारे आले. सैल वायर होती. गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘अनुभवी कारागीर. खराब झालेला पार्ट प्रत्यक्ष दाखवला.’ मी आनंदाने ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “वायरचं काही लिहिलंय?” वायरचं काही लिहिलं नव्हतं.

पण नुसतं दाखवून भागणार नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लोक पत्रक पाचव्या ओळीपासून वाचतात. बिल लेखी घ्या. पार्ट बदललात, मग तो बिलात का नाही? फुकट कसा? म्हणजे जुनाच पुसून बसवलात की काय? असे फोन यायला लागले. तेव्हा बिलात पार्ट लावणं आलं. आणि पैसे घ्यायचे तर नवा खरोखर बसवायचाच, एवढं काकांनी पाळलं. म्हणजे चांगला चालणारा काढायचा, नवा बसवायचा, आणि घरमालकाच्या डोळ्यांपुढे धरायचा तो लाल ठिपक्याचा. पाहून झाला की बहुतेक लोक म्हणत, “घेऊन जा हो, मी काय करू त्याचं?” मग तो परत बॅगेत. त्या एका मेलेल्या कपॅसिटरने दोन महिन्यांत गावातली जितकी घरं पाहिली तितकी मी जन्मात पाहिली नसतील. काढलेल्या चांगल्या कपॅसिटरांचं काका काय करत होते, ते मी कधी विचारलं नाही.

काका चार पूर्णांक सातवर गेले. स्टोअरचा खप वाढला. धाकट्या मालकांनी त्यांचा फोटो काढून ‘महिन्याचा उत्तम कारागीर’ म्हणून भिंतीवर लावला. फोटोत काका कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, बाजूच्या एसीकडे बघतायत. तो एसी घरघरत होता, एवढंच, असं ते म्हणाले. हल्ली ते डबा माझ्या टेबलाशी बसून खात नव्हते. बाहेर जिन्यात बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तिथे वारा आहे.” आमच्या जिन्यात वारा कधीच नसतो.

मग आमच्या घरचा एसी बंद पडला. आईला उकाडा सोसत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि श्वासाचा त्रास. आतून वारा येत होता, पण नुसताच, गार नाही. आता मी माझ्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवणार? सकाळच्या पहिल्या चिठ्ठीवर माझाच पत्ता लिहिला आणि काकांच्या हातात दिली.

“आपलंच घर आहे काका. नीट बघा.”

“साबण लावून बघतो,” ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा जरा मोकळा दिसला. मलाही बरं वाटलं. म्हटलं, निदान एका घरी तरी माणूस त्याच्या मनासारखं काम करील.

संध्याकाळी घरी गेले तर खोली छान गार झाली होती. आई पांघरूण घेऊन, पाय पोटाशी घेऊन मजेत बसली होती.

“माणूस हुशार आहे गं तुझा,” ती म्हणाली. “पण आधी मात्र टाळत होता हं.”

“टाळत होता म्हणजे?”

“अगं, तासभर तो साबण काय लावत बसला, फेस काय बघत बसला. मग म्हणाला, आजी, गॅस शाबूत आहे, एक वायर सैल झाली होती, आवळली. झालं. चला! मी म्हटलं, असं कसं? एवढा वेळ घालवला आणि बदललं काहीच नाही? तो म्हणाला, खरंच काही बदलावं लागलं नाही. दोनदा म्हणाला. मग मी त्याला फ्रिजपाशी नेलं आणि तुझा कागद दाखवला. म्हटलं, हे माझ्या मुलीने लिहिलंय. वाच.”

“मग?”

“वाचला बिचाऱ्याने. बराच वेळ वाचत होता. मग गेला परत गॅलरीत, खोलून बसला, आणि आणलं काढून. बघ, बशीत ठेवलंय. म्हणाला, घेऊन जातो, पण मी ठेवून घेतलं. म्हटलं, मुलीला दाखवीन. हे एवढं फुगलेलं, आणि म्हणे काही बदलावं लागत नाही!”

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, चहाच्या बशीत तो ठेवला होता. मी उलटा करून बघितला नसता तरी चाललं असतं. पण बघितला. लाल ठिपका अर्धा झिजला होता.

फ्रिजवर बिल लावलेलं होतं. भेटीचे तीनशे, कपॅसिटरचे सहाशे. वर माझं पत्रक. आईने विचारलं, “तारे किती द्यायचे गं? पाच दिले मी. जास्त देता येत नाहीत ना?”

“नाही,” मी म्हटलं. “पाचच असतात.”

रात्री आईला खरं सांगावं असं दोनदा वाटलं. पण काय सांगणार? तो माणूस खरं बोलत होता, तू त्याला खोटं बोलायला लावलंस? तिला मी लावलं होतं. आणि तिने पाच तारे दिले होते ते तर अगदी मनापासून. राग तरी कुणाचा करायचा ते कळेना. काकांचा केला थोडा वेळ. माझ्या घरी? माझ्यासुद्धा घरी? पण तो राग टिकला नाही. माझ्याच घरात तर त्यांनी दोनदा खरं सांगून पाहिलं होतं.

सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले. काका माझ्याही आधी येऊन उभे होते. माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॉलच्या फळ्याकडे बघत होते.

“ताई, ते तुमच्याकडे राहिलं,” ते म्हणाले.

“आणलंय मी.” मी पर्स उघडली, पण हात बाहेर काढवेना.

“थांबा,” काका म्हणाले. त्यांनी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून स्वच्छ फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. गाठ सोडली. आत एक कपॅसिटर होता. डोकं सपाट, वायरची टोकं नीट पुसलेली, वर काळ्या पेनाने कालची तारीख घातलेली. काहीही बिघडलेलं नव्हतं त्याचं.

“हा तुमचा,” ते म्हणाले. “तुमच्या मशीनमधून निघालेला. चांगला आहे, अजून सहा-सात वर्षं गेला असता. तुमच्याकडे ठेवा.”

“बाकीच्यांचे?” मी कसंबसं विचारलं.

“घरी आहेत. सगळ्यांवर तारीख आणि पत्ता घातलाय. त्रेचाळीस झाले. ही म्हणते पलंगाखाली झाडता येत नाही.” जरा थांबून म्हणाले, “द्यायला जायचं म्हटलं तर काय सांगून द्यायचे, ते सुचत नाही.”

माझा कपॅसिटर मी ड्रॉवरमध्ये ठेवला, पत्रकांच्या गठ्ठ्यावर. मग पर्समधून दुसरा काढून त्यांना दिला. त्यांनी तो उलटा करून बघितला, झिजलेल्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि फडक्यात बांधला. बॅगेत साबणाची डबी होती, ती एका अंगाला सारून त्याला जागा केली, चेन ओढली.

“पहिला कॉल कुठला आहे?” त्यांनी विचारलं.

मी चिठ्ठी फाडून दिली.